बी आणि मूळ

ससून डॉकच्या बर्फ कारखान्यात
खाऱ्या हवेनं तीन हार्ड डिस्क खाल्ल्या.
चौथीला शेठ पैसे देईना.
तेव्हा मोझेस चेऊलकर म्हणाला, नकोच डिस्क.
दोन फ्लॉप्या पुरेत.

एक निळी, एक करडी.
लेबलांवर त्याचं तिरकं अक्षर:
बी. मूळ.

पहाटे साडेतीन. मी बटण दाबते.
पंखा खाकरतो.
यंत्र आधी आपली मेमरी मोजतं,
आठ हजार एकशे ब्याण्णव,
कालचं त्यात काहीही नाही.
मग एक बारीक शीळ. म्हणजे जिवंत आहे.

हिरवा दिवा लागतो,
आत कुणी तांदूळ निवडतंय असा आवाज.
सुरुवातीला वाचतं ते फक्त पाचशेबारा बाइट,
पोस्टकार्डावर मावेल एवढं.
त्यात इतकंच, की पुढचं कुठे शोधायचं.
आणि शेवटी दोन बाइटांची सही.
सही नसेल तर यंत्र ते पत्र उघडतच नाही.

मग पडद्यावर एकेक अक्षर:
एल
आय
एल
ओ
मोझेस सांगायचा, दुसऱ्यावर अडलं तर घाबरू नको, हेमलता,
कुठे अडलं ते तरी त्यानं सांगितलं.
माणसं तेवढंही सांगत नाहीत.

टिंबांची रांग सरकते.
बी दाबून भरलेली असते, सुकटीच्या पोत्यासारखी;
उकलली की सगळ्या खोलीभर.
उकललेला कर्नल आता अंधारात हात फिरवतो:
कीबोर्ड आहे.
पडदा आहे.
सिरीयल पोर्ट आहे, त्याच्या टोकाला वजनकाटा,
काट्यावर अजून काल रात्रीचं ओलं.
हार्ड डिस्क?
नाही.
एकदाच विचारतो.

आणि थांबतो.
दुसरी फ्लॉपी घाला, एंटर दाबा.
कितीही वेळ थांबतो. एकदा
काशीबाई वैतीणीचं आणि लाँचवाल्याचं
अर्ध्या लादीवरून जुंपलं,
मी सोडवायला गेले, पाऊण तासानं आले,
तर त्याच ओळीवर उभा,
कपाळावर आठी नाही.

मूळ घालते.
ते सावकाश मेमरीत उतरतं,
आणि उतरलं की फ्लॉपी काढून
खिशात टाकली तरी चालतं. मूळ खिशात, झाड उभं.
मग एक नंबरचा जागा होतो,
मुकादमासारखा बाकीच्यांना हाका मारतो.
सगळ्यात शेवटी
मोझेसनं कुठेतरी दडवलेली एक ओळ येते,
रोमन अक्षरांत, कारण या पडद्याला दुसरी येत नाहीत:
उठलीस का.
खाली चौकटीचं चिन्ह. शेजारी लुकलुकणारा ठिपका.

मोझेस अश्दोदला गेला त्याला तीन वर्षं झाली.
जाताना दोन्ही फ्लॉप्यांची खिटी सरकवून गेला,
वाचता येईल, लिहिता येणार नाही.
कारखान्यात सगळे हसतात.
आली बघ तुझी हाक.

गेल्या मंगळवारी करडी करकरली.
रीड एरर. पुन्हा. पुन्हा.
बाहेर कोळंबीच्या टोपल्या, कागदावर मोजलं, चुकलं,
काशीबाईनं माझी सात पिढ्यांची खबर घेतली.
दुपारी लॅमिंग्टन रोडला नाझिमच्या दुकानात बसून
त्याच्या मशीनवर चौदाव्या खेपेला ती वाचली गेली.
पूर्ण. एक बाइट न हरवता.

नवी फ्लॉपी घेतली, काळी.
मूळ उलगडलं. फाइलीत ती ओळ सापडली.
नाझिम म्हणाला, हे कशाला, काढून टाकू?
मी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.
खाली एक ओळ घातली, पुन्हा घडी केली,
लिहिली, खिटी सरकवली.
लेबलवर माझं अक्षर. मूळ.

रोज सकाळी दहाला मी बटण बंद करते,
आणि यंत्र सगळं विसरतं:
बोंबील, मांदेली, कुणाच्या किती लाद्या.
उरतो तो प्रिंटरचा भोकाभोकांचा कागद.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला
शीळ. दिवा. चार अक्षरं.
उठलीस का.
हो रे, केव्हाची.
ठिपका.
मी काट्यावरचं पाणी पुसते आणि म्हणते, आणा.